‘लगान’च्या तीन वर्षं आधी

बीडमध्ये क्रिकेटच्या गप्पा रंगल्या आणि विषय जुन्या काळाकडे वळला, की ‘लगान’ सिनेमा निघतोच. त्यासोबत एक ठाम मतही येतं: त्या काळी आपल्या माणसांनी साहेबाला क्रिकेटमध्ये हरवणं सिनेमातच शक्य होतं.

सिनेमातलं चंपानेर गाव आणि नायक भुवन काल्पनिक आहेत, हे खरं. पण सिनेमाची गोष्ट 1893 सालची आहे आणि त्याच्या तीन वर्षं आधी, जानेवारी 1890 मध्ये, मुंबईच्या जिमखान्यावर पारशांनी जॉर्ज व्हर्ननच्या इंग्लिश संघाला 4 गडी राखून हरवलं होतं. दुसऱ्या डावात मेहेलाशा पावरी या वेगवान गोलंदाजानं 7 बळी घेतले. व्हर्ननचा संघ त्या दौऱ्यात हरला तो हा एकच सामना. 1892 च्या डिसेंबरात लॉर्ड हॉक आपला संघ घेऊन आला, तेव्हा पारशांनी त्याच्याविरुद्धचाही पहिला सामना जिंकला. दुसरा मात्र थोडक्यात हातून गेला.

‘साहेबानं आपल्याला क्रिकेट शिकवलं’ हेही अर्धंच खरं. पारशी पोरं गोऱ्यांचा खेळ बघून बघून स्वतःच शिकली. 1848 मध्येच त्यांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला होता. पुढे साहेबांच्या पोलोच्या घोड्यांनी मुंबईचं मैदान उखडायला सुरुवात केली, तेव्हा पारशांनी सरकारदरबारी अर्जांवर अर्ज केले. शिकवणं दूरच, खेळायला धड जमीन मिळवण्यासाठी भांडावं लागलं. पारशी संघ 1886 मध्ये इंग्लंडला गेला तेव्हा 28 पैकी एकच सामना जिंकला. 1888 च्या दौऱ्यात मात्र 31 पैकी 8 जिंकले. दोन वर्षांत एवढी मजल मारलेल्यांनी 1890 मध्ये व्हर्ननला हरवलं, यात नशिबाचा भाग कमी असावा.

मग हे भारत विरुद्ध इंग्लंड होतं का? नाही, आणि सगळ्यात मोठी गल्लत इथेच होते. 1892 पासून मुंबई-पुण्यात रंगणारे प्रेसिडेन्सी सामने युरोपियन विरुद्ध पारशी असे होते. हिंदूंच्या संघाला युरोपियनांशी खेळायला 1906 साल उजाडावं लागलं. पळवणकर बाळू हा त्या संघाचा डावखुरा फिरकी गोलंदाज चर्मकार समाजातला. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात नेटमध्ये गोलंदाजी टाकत त्याचा हात बसला होता. पुण्याच्या हिंदू संघात जागा मिळाली, तरी चहा मात्र त्याला वेगळ्या भांड्यात मिळे. आणि आपलं बीड? ते तर निजामाच्या हैदराबाद संस्थानात, मुंबई प्रेसिडेन्सीच्या हद्दीबाहेर.

पारशांच्या विजयाला ‘कसोटी’ म्हणता येत नाही. भारताची पहिली कसोटी 1932 ची. पण इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या आद्य लढतींकडेही जरा नीट पाहा. मार्च 1877 मध्ये मेलबर्नला ऑस्ट्रेलिया 45 धावांनी जिंकला. तो सामना ‘पहिली कसोटी’ ठरला तो नंतर, जुन्या सामन्यांच्या याद्या करताना. शिवाय तेव्हा ऑस्ट्रेलिया नावाचं राष्ट्रच नव्हतं, ब्रिटिशांच्या सहा वसाहती होत्या. त्या 1901 मध्ये एकत्र आल्या. या दोन संघांमधल्या ‘अ‍ॅशेस’ मालिकेची ती प्रसिद्ध रक्षाकुपीही दर मालिकेनंतर विजेत्याच्या घरी जात नाही. ती जेमतेम 11 सेंटिमीटरची आहे आणि मुक्काम लंडनला, लॉर्ड्सच्या संग्रहालयात. कोण जिंकलं याच्याशी तिला काही देणंघेणं नाही.

सिनेमाच्या शेवटच्या षटकाराचंही एक आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये सहा धावांसाठी चेंडू नुसता सीमारेषेवरून जाऊन भागत नसे, तो मैदानाच्याच बाहेर पडावा लागे. भुवनला माफ करू.

राहिला शेवटचा समज, की बीडचा आणि या मोठ्या क्रिकेटचा काय संबंध? संजय बांगर बीडमध्ये जन्मलेला. ऑगस्ट 2002 मध्ये लीड्सच्या ढगाळ हवेत सलामीला येऊन त्यानं 68 धावा काढल्या आणि राहुल द्रविडबरोबर 170 ची भागी केली. भारतानं ती कसोटी एक डाव आणि 46 धावांनी जिंकली. अलीकडचं नाव सचिन धसचं. 2024 च्या 19 वर्षांखालील विश्वचषकात उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तो सहाव्या क्रमांकावर आला तेव्हा संघाची अवस्था 4 बाद 32 होती. बाद झाला तो 96 वर, आणि सामना भारतानं 2 गडी राखून मारला.