चौदा तासांचं वेळापत्रक आणि दुपारचे दोन

2025 च्या नीटचा निकाल लागला. 2024 मध्ये सुरुवातीच्या निकालात 67 जणांना 720 पैकी 720, 2025 मध्ये देशात पहिल्या आलेल्याला 686. या दोन आकड्यांवर सगळं बोलून झालं, मग आला हंगाम वेळापत्रकांचा. क्लासच्या माहितीपत्रकात, नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, यूट्यूबवर, सगळीकडे तोच तक्ता: पहाटे चारला उठा, चौदा तास अभ्यास करा, जेवणानंतर दुपारी थोडी विश्रांती घ्या. पेपर असतो दुपारी दोन ते पाच. वर्षभर ज्या वेळी डोळा लागायची सवय लावली, नेमक्या त्याच वेळी 180 प्रश्न सोडवायचे.

हे तक्ते मुलांपेक्षा पालकांच्या समाधानासाठी जास्त असतात, असं माझं मत. तास मोजता येतात, भिंतीवर लावता येतात, शेजाऱ्यांना सांगता येतात. त्या तासांत डोक्यात काय राहिलं, हे मात्र तक्ता सांगत नाही.

ते मोजायचा खटाटोप हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने केला. स्वतःवरच. व्यंजन-स्वर-व्यंजन अशी सुमारे 2300 निरर्थक अक्षरं त्याने तयार केली, त्यांच्या याद्या ठरावीक लयीत वाचत पाठ केल्या, आणि मग त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती वेळ वाचतो ते नोंदवलं. 1885 मध्ये पुस्तक निघालं. निष्कर्ष पोटात गोळा आणणारा: तासाभरातच निम्म्याहून अधिक मेहनत पाण्यात, दिवसभरात जवळपास दोन तृतीयांश. अर्थ असलेला मजकूर इतक्या वेगाने उडत नाही, हे खरं. पण इनऑरगॅनिकमधले अपवाद पाठ करणाऱ्याला विचारा, एबिंगहाउस त्याला परका वाटणार नाही.

त्याच्या नोंदींत आणखी एक गोष्ट आहे, जी कुठल्याच माहितीपत्रकात दिसत नाही. एकाच दिवशी 68 वेळा घोकून जे साधलं, तेच तीन दिवसांत विभागलेल्या 38 आवर्तनांत साधलं. एका बैठकीत धडा 'संपवणाऱ्यांनी' हा हिशेब जरूर करावा. आज झालेला धडा उद्या दहा-पंधरा मिनिटं, आठवड्याने एकदा, महिन्याने पुन्हा एकदा. यासाठी वेळापत्रकात आधीच जागा सोडावी लागते. ती नसली की रिव्हिजन बॅकलॉगखाली गाडली जाते.

रिव्हिजन म्हणजे तरी काय? बहुतेकांच्या लेखी पिवळा हायलायटर फिरवत पुन्हा वाचणं. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर दोन पद्धती पडताळल्या. एक, उतारा पुन्हा वाचणं; दुसरी, न बघता आठवून लिहिणं. पाच मिनिटांनी वाचणं पुढे होतं, आठवड्याने लिहिणं. मूत्रपिंडाचा धडा झाला की कोऱ्या कागदावर नेफ्रॉन काढून बघा. हेन्लेच्या वळशाची उतरती बाजू पाणी बाहेर जाऊ देते, चढती देत नाही. वाचताना हे इतकं सोपं वाटतं की लक्षातच येत नाही. दोन बाजूंची अदलाबदल केलेलं विधान चार पर्यायांत आलं, की मग घाम फुटतो.

लातूर पॅटर्नचं, म्हणजे तिथल्या अभ्यासपद्धतीचं, कौतुक महाराष्ट्रभर होतं. त्यातलं उचलण्यासारखं काय, तर सततच्या चाचण्या. उचललं काय जातं? तासांचा आकडा.

चाचणीवर खरी मेहनत सुरू होते ती निकाल कळल्यानंतर. चुकलेला प्रश्न वहीत उतरवावा आणि पुढे कारण लिहावं: आलंच नाही, येत होतं पण आठवलं नाही, की 'चुकीचे विधान ओळखा' हे वाचलंच नाही. बरोबर उत्तराला चार, चुकीला वजा एक. म्हणजे येत असलेला प्रश्न घाईत चुकला तर पाच गुणांचा फटका. तिसऱ्या कारणाच्या नोंदी वाढत असतील तर आणखी चार तास वाचून काही होणार नाही.

वेळेचं गणितही बदललंय. कोविडनंतर आलेले ऐच्छिक प्रश्न आणि जादा वीस मिनिटं 2025 पासून गेली. आता 180 प्रश्न, 180 मिनिटं. जीवशास्त्राचे 90 प्रश्न पाऊण तास ते पन्नास मिनिटांत उरकले तरच फिजिक्सला तासभर मिळतो आणि ओएमआरचे गोळे शांतपणे भरता येतात. हे घरच्या टेबलावर घड्याळ न लावता जमत नाही. म्हणून आठवड्यातला एक पूर्ण पेपर, तोही दुपारी दोनला, मोबाइल दुसऱ्या खोलीत. घरच्यांनी तेवढे तीन तास टीव्ही बंद ठेवावा आणि पाहुण्यांना संध्याकाळी बोलवावं.

राज्य मंडळाच्या मुलांची अडचण वेगळी. जानेवारीपासून प्रॅक्टिकल, फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी, आणि मग नीटला उरतात जेमतेम सात-आठ आठवडे. त्यामुळे पोर्शन डिसेंबरअखेर संपायला हवा. एप्रिलमध्येही रोटेशनल मोशन कोरं असेल, तर ते खुशाल सोडावं आणि तो वेळ चुकांच्या वहीला द्यावा.