चढ

सकाळी साडेसहा. झाशी धुक्यात आहे. आमचं घर जुन्या शहरात. ज्या गणेश मंदिरात १८४२ साली लक्ष्मीबाईंचं लग्न लागलं, त्याच्या जवळच्या गल्लीत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर बुंदेली, शाळेत हिंदी, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. मी विशेष शिक्षिका. ज्या सरकारी शाळांत दिव्यांग मुलं बाकीच्यांबरोबर शिकतात, त्यांतल्या काही शाळा माझ्या वाट्याला आहेत. आज मंगळवार. उद्या ३ डिसेंबर, जागतिक दिव्यांग दिन, आणि मुलांचं प्रदर्शन. पिशवीत ब्रेलची पाटी, टोचणी, मोजायची टेप, खळीचा डबा आणि फरच्या कापडाची कात्रणं. झाशीत मऊ खेळणी शिवून पोट भरणारी घरं पुष्कळ. त्यातल्याच एका विद्यार्थ्याच्या आईने ही कात्रणं राखून ठेवली होती; प्रदर्शनातल्या राणीच्या घोड्याला आयाळ हवी ना.

नऊ वाजता प्रार्थना. मुलांच्या तोंडून वाफा निघतायत.

साडेनऊ. सातवीचा वर्ग. टेबलावर थर्मोकोलचा किल्ला तयार आहे. फोटो समोर ठेवून मुलांनी केलेला, बुरूज अगदी हुबेहूब. मीच गेल्या आठवड्यात शाबासकी दिली होती. वर्गातली जिला अजिबात दिसत नाही ती मुलगी तापामुळे पंधरा दिवस घरी होती, ती आज आली. तिने दोन्ही हात पुढे केले. आधी तळवे टेकवले, मग बोटांची टोकं तटावरून फिरवली, बुरूज मोजले, खाली आली, टेबलाच्या फळीवर थांबली. पुन्हा वर गेली, पुन्हा खाली.

"मॅडमजी, चढ कुठाय?"

कोणाला कळेना. ती म्हणाली, "बाबांबरोबर गेले होते तेव्हा चालून चालून पाय दुखले होते. आधी चढ, मग दरवाजा. हा किल्ला तर जमिनीवरच बसलाय."

खरंच होतं. ओरछाच्या बीरसिंहदेवाने १६१३ मध्ये हा किल्ला बांगरा नावाच्या टेकडीवर बांधला, हे पुस्तकात वाचून मुलांनी पाठ केलंय. पण फोटो समोरून काढलेला, त्यात टेकडी दिसली तरी चढ कळत नाही. मी स्वतः हा किल्ला आधी कानांनी पाहिला. आजी दुपारी गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' मोठ्याने वाचायची. कोकणातल्या वरसईचा हा भिक्षुक १८५८ च्या वेढ्यात झाशीतच अडकला होता. तोफांची धास्ती मला त्या आवाजातून कळली, किल्ल्यात पाऊल टाकायच्या कितीतरी आधी. आणि तरी मी थर्मोकोलच्या सपाट किल्ल्याला शाबासकी दिली. याचं मला फार वाईट वाटलं.

दहा ते बारा. अंगणातून विटांचे तुकडे, वाळू, माती. टेकडी रचायला सगळा वर्ग लागला. ती बाजूला बसून नाही, मधोमध. वाट कुठे वळते, कुठे दम लागतो, हे ती पायांनी आठवून सांगत होती आणि मुलं तिचं बोट धरून ओल्या मातीत वाट ओढत होती. ज्या मुलाला ऐकू येत नाही, त्याने किल्ल्यावरची कडकबिजली तोफ वळली. तोफेच्या तोंडाशी सिंहाचं तोंड हवं, हे त्यानेच हातवारे करून पटवलं. माती उद्यापर्यंत वाळणार नाही. ओलीच ठेवायची ठरवली; बोटांना ती अधिक बोलते.

केंद्र सरकारची दिव्यांग मुलांसाठीची एकात्मिक शिक्षणाची योजना १९७४ ची. तेव्हाची कल्पना अशी की मुलाला साध्या शाळेत आणून बसवायचं. शाळा होती तशीच राहायची, जुळवून घ्यायचं ते मुलाने. समावेशन म्हणजे शाळेने बदलायचं. शब्द दोन्ही गोड आहेत, पण सारं अंतर या एका गोष्टीत आहे. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, आधीच्या १९९५ च्या कायद्यात ७ होते. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. हक्काने मूल दारापर्यंत येतं. पुढच्या तीन पायऱ्यांचं काय?

बारा वाजता डाळ-भात. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाचं ताट त्याचा मित्र आणतो, न सांगता.

साडेबारा. दुसऱ्या गटाचा प्रकल्प याच मुलाचा, विषय शाळेचा उतार. टेपचं एक टोक त्याच्या हातात. पायऱ्यांची उंची १८ इंच. उताराची लांबी ७ फूट. नियम असा की १ फूट उंचीला १२ फूट लांबी हवी; म्हणजे इथे १८ फूट. गुणाकार फळ्यावर मांडल्यावर वर्ग गप्प झाला. दोन वर्षं रोज दोघं जण मागून ढकलतात तेव्हा तो वर येतो. सगळ्यांना वाटायचं, खुर्चीच जड आहे.

त्यांनी तक्ता नाही केला. खडूने अंगणातच १८ फुटांचा उतार आखला, दोन्ही कडा आणि मधे फुटाफुटाची खूण. रेघ कडुनिंबाच्या झाडापर्यंत गेली. मुलगा खुर्ची फिरवत तिथे जाऊन थांबला आणि ओरडला, "इथून सुरू!"

पावणेतीन. मुख्याध्यापक बाहेर आले. काही बोलले नाहीत. टेप मागितली आणि स्वतः वाकून सातही फूट मोजले.

संध्याकाळी सात. किल्ल्याची पाटी टोचतेय. पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचायचं, कागद उलटला की उठाव डावीकडून वाचता येतो. 'झ'चे तीन ठिपके, तिसरा, पाचवा, सहावा. घाईत आरसा विसरले, अक्षर उलटं पडलं. दुसरा कागद घेतला. बोट फिरवून पाहिलं, आता बरोबर आहे.

मग शाळेत झाडलोट करणाऱ्या काकांना फोन लावला. म्हटलं, "काका, उद्या सकाळी अंगण झाडाल ना, तेव्हा कडुनिंबाकडची रेघ तेवढी राहू द्या."