एक कुठून आला?

दहावीचा निकाल लागला की जिल्ह्यात पहिलं कोण आलं आणि शंभर टक्के निकालाच्या शाळा किती, हे सगळीकडे छापून येतं. त्या निकालाआधी वर्षभर, रोज अकरा ते पाच, वर्गात काय चालतं ते कोणीच लिहीत नाही, असं संपादक म्हणाले आणि त्यांनी मला तालुक्याच्या गावातल्या एका हायस्कुलात धाडलं. नाव छापायचं नाही, शाळेचंही नाही, एवढी एकच अट तिथल्या गणिताच्या मॅडमनी घातली. बाकी सगळं बघायला मोकळीक होती.

चौकटीची माहिती थोडक्यात सांगून टाकतो. माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ 1965 च्या कायद्यानं आलं आणि 1 जानेवारी 1966 पासून कामाला लागलं. पाठोपाठ 27 जानेवारी 1967 ला बालभारती स्थापन झाली. मंडळाचे आज नऊ विभाग आहेत आणि दरवर्षी साधारण पंधरा लाख मुलं दहावीला बसतात. दहावीचं सध्याचं गणित 2018 च्या पुस्तकातून शिकवतात. भाग 1 म्हणजे बीजगणित, भाग 2 म्हणजे भूमिती. दोन्हींची 40-40 गुणांची लेखी परीक्षा असते आणि उरलेले 20 गुण शाळेच्या हातात. पोरांना हे पाठ असतं, पालकांना तर त्याहून जास्त.

माझं लक्ष मात्र टाचणवहीत अडकलं.

टाचणवही सगळ्याच शिक्षकांकडे असते. तारीख, इयत्ता, तुकडी, तासिका, घटक, उपघटक, उद्दिष्टं, शैक्षणिक साहित्य, स्वाध्याय असे रकाने आधीच छापलेले. या रकान्यांचं कूळ बी.एड.च्या पाठ टाचणात आहे आणि त्याच्याही मागे गेलं तर हर्बार्ट या जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या नावानं चालणाऱ्या पंचपदीत. तो वारला 1841 मध्ये. आपले छात्रशिक्षक आजही हेतुकथन, विषय प्रतिपादन, उपयोजन या पायऱ्यांनी पाठ बसवतात. पुढे नोकरी लागली की वहीचा सोपस्कार होतो. गेल्या वर्षीचं उतरवायचं, आठवड्याला पर्यवेक्षकांची सही घ्यायची आणि वही कपाटात ठेवायची. त्यात शिक्षकांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. सहीपुरतं मागितलं तर माणूस सहीपुरतंच लिहितो.

मॅडमच्या वहीत उजवी पानं चारचौघांसारखीच आहेत. डावी पानं त्या कोरी ठेवतात आणि तास संपल्यावर, पुढच्या वर्गाकडे निघण्याआधी, तिथे पेन्सिलीनं दोन ओळी खरडतात. त्या दिवशी मुलं कुठे अडखळली, एवढंच. ‘ऋण कंसाबाहेर, दुसरं चिन्ह बदलत नाहीत.’ ‘x ने भागून टाकलं, शून्य हे मूळ हरवलं.’ अंकगणिती श्रेढीच्या पानासमोर गेल्या वर्षीची नोंद होती: ‘n आणि n वजा एक, गोंधळ. बाकं मोजून घेतली. पुन्हा करणे.’ बऱ्याच वर्षांच्या अशा वह्या त्यांनी जपून ठेवल्यात आणि उद्याचा तास ठरवताना आधी ही डावी पानं उघडतात. मला विचाराल तर गणित कसं शिकवावं याचं इतकं खरं पुस्तक मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्या ‘पुन्हा करणे’चा तास मला बघायला मिळाला. तिसरी तासिका, दहावी ब, पटावर बासष्ट. आल्या आल्या मॅडमनी फळ्याचे तीन भाग केले. डावीकडे तारीख आणि घटक. मधला भाग उदाहरणांचा. उजवीकडचा अरुंद पट्टा तास संपेपर्यंत पुसायचा नाही, अशी ताकीद. प्रश्न पुस्तकातल्या सरावसंचातलाच होता: 5 ने भाग जाणाऱ्या तीन अंकी संख्या किती? पहिली 100, शेवटची 995. मागच्या बाकावरून उत्तर आलं, ‘179.’ आणखी पाच-सहा आवाज त्याच्यात मिसळले. 995 मधून 100 गेले, 895 उरले, त्याला 5 ने भागलं. हिशेब चोख होता.

बरोबर की चूक, मॅडम काहीच बोलल्या नाहीत. उजव्या पट्ट्यात 179 लिहिलं आणि खिडकीकडच्या रांगेला विचारलं, ‘तिसऱ्या बाकापासून सातव्या बाकापर्यंतच्यांनी उभं राहायचं. किती बाकं उभी राहतील?’

‘चार!’ सातातून तीन गेले, सोपंच होतं.

मुलं उभी राहिली. बाकं मोजली तर पाच भरली. कोणीतरी परत मोजली, तरी पाचच.

‘मग हा एक कुठून आला?’

वर्ग गप्प. अशा वेळी उत्तर सांगून मोकळं व्हावं असा मोह कुठल्याही शिक्षकाला होतो. पस्तीस मिनिटांचा तास असतो, घटक संपवायचा असतो. मॅडम खडू हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. मलाच ती शांतता सोसवेना. बऱ्याच वेळानं दुसऱ्या रांगेतली एक मुलगी अर्धवट उठली. ‘मॅडम, आपण बाकं मोजलीच नाहीत. मधल्या फटी मोजल्या.’

त्यानंतर मॅडमनी tₙ = a + (n − 1)d हे सूत्र फळ्यावर लिहिलं, तेव्हा कंसातल्या त्या एकाकडे वर्ग ओळखीच्या नजरेनं बघत होता. पदं n असली तर फटी n − 1. तीन अंकी संख्यांमध्ये 179 फटी, म्हणून संख्या 180. आधी बोललेल्या पोरानं न सांगताच पुढे येऊन पट्ट्यातल्या 179 खाली 180 लिहिलं. 179 तसंच राहू दिलं.

बऱ्याच मुलांना हे सूत्र आधीच पाठ होतं. क्लासमध्ये हा घटक मे महिन्यातच झाला होता. सूत्र पाठ असूनही उत्तर 179 का येतं, हे त्या तासाला माझ्या डोळ्यांसमोर उघड झालं.

घंटेला पाच मिनिटं उरली तेव्हा स्वाध्याय दिला. स्वाध्यायात उदाहरणं तीनच असतात, हा मॅडमचा शिरस्ता आणि माझ्या मते त्यांच्या कामाचं खरं मर्म. आख्खा सरावसंच घरून सोडवून आणायला त्या सांगत नाहीत. पहिलं उदाहरण पुस्तकातलं: 4 ने भाग जाणाऱ्या दोन अंकी संख्या किती. दुसरं आधीच सोडवलेलं, पण चुकीचं: 5, 9, 13… या श्रेढीत 101 हे कितवं पद? खाली लिहिलेलं, 101 = 5 + 4n, म्हणून n = 24. कुठली पायरी घसरली ते शोधायचं आणि का घसरली ते एका वाक्यात लिहायचं. तिसरं मुलांनी स्वतः आणायचं. घरात, शेतात, रस्त्यावर दिसलेली एखादी श्रेढी.

‘जेवढं मी वाचू शकते तेवढंच देते,’ मॅडम म्हणाल्या. ‘न वाचलेला गृहपाठ दिला की पोरं दोन आठवड्यांत ओळखतात. मग वही भरते, पण डोकं चालत नाही.’

दुसऱ्या दिवशी मोकळ्या तासाला शिक्षक-खोलीत त्यांच्या शेजारी बसून मी वह्या पाहिल्या. रोज एका रांगेच्या वह्या घरी-दारी नीट वाचायच्या, बाकीच्या वर्गात फिरता फिरता नजरेखालून घालायच्या, अशी त्यांची पद्धत. म्हणजे चार दिवसांत प्रत्येक वही एकदा तरी नीट वाचून होते. लाल पेनाची फुली कुठेच दिसली नाही. जिथे पाऊल घसरलंय त्या पायरीभोवती बारीक गोल करायचा आणि समासात एक प्रश्न लिहायचा. शेरा लिहायचा नाही, प्रश्नच लिहायचा. बोर्डाच्या पेपरात पायरीला गुण असतात, तेव्हा या सवयीचा रोकडा फायदाही होतोच. पण मॅडमना हवं असतं ते दुसरं काही.

तिसऱ्या उदाहरणात मुलांनी काय काय आणलं होतं! एकानं एसटीचे टप्पे आणले. सहा किलोमीटरचा एक टप्पा, म्हणून 6, 12, 18… आणि त्याच्या गावापासून तालुक्यापर्यंत टप्पे किती, याचं उत्तरही काढलेलं. एका मुलीनं घराच्या जिन्याच्या पायऱ्या टेपनं मोजून आणल्या. पहिली पायरी बाकीच्यांपेक्षा आखूड निघाली. समासात मॅडमचा प्रश्न: ‘मग a किती आणि d किती?’ आणखी एकाला बचत सुचली होती. हजार रुपये, दरसाल दहा टक्के चक्रवाढ: 1000, 1100, 1210. खाली मोठ्या अक्षरात ‘अंकगणिती श्रेढी’. मॅडमनी 1210 भोवती गोल केला आणि लिहिलं, ‘दोन्ही वर्षांतली वाढ किती?’ पहिल्या वर्षी शंभर, दुसऱ्या वर्षी एकशेदहा. फरक सारखा नाही. पोराला हे स्वतःच दिसावं म्हणून त्यांनी अख्खा प्रश्न लिहिला. ‘चूक’ लिहायला एकच शब्द पुरला असता.

एक वही त्यांनी बाजूला काढली. तिन्ही उत्तरं बरोबर, पायऱ्या मोत्यासारख्या अक्षरात. आणखी चार वह्यांतही पहिल्या उदाहरणाच्या शब्दशः त्याच पायऱ्या, तोच एक विराम गाळलेला. पूर्वी गाईड होतं, आता मोबाइलवर उदाहरणाचा फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर समोर येतं, आणि ते रात्रीतून ग्रुपवर फिरतं. मॅडम चिडल्या नाहीत. ‘म्हणून तर दुसरं आणि तिसरं उदाहरण मी स्वतः घालते,’ म्हणाल्या. ‘जिना ज्याचा त्याचा असतो.’ त्या पाचांना दुसऱ्या दिवशी फळ्यापाशी बोलावून तेच उदाहरण वेगळे आकडे घालून सोडवायला दिलं. दोघांना आलं, तिघांना नाही. त्या तिघांची नावं डाव्या पानावर चढली.

हे सगळं ऐकायला सुंदर आहे. आता हिशेब मांडतो. मॅडमकडे चार वर्ग आहेत, प्रत्येकी साधारण साठ मुलं. एका स्वाध्यायाच्या दोनशे चाळीस वह्या. वहीला नुसती दोन मिनिटं धरली तरी चारशेऐंशी मिनिटं, म्हणजे सलग आठ तास. म्हणून रांगेची पद्धत. आणि ती पद्धत टिकते वेळापत्रकातल्या मोकळ्या तासावर. मी शेजारी बसलो होतो तो तासही पुरता मोकळा राहिला नाही. वीस मिनिटांत शिपाईकाका बदली तासाची चिठ्ठी घेऊन आले. इंग्रजीचे सर मतदार यादीच्या कामाला गेले होते. सात वह्या वाचून झाल्या होत्या, आठ उरल्या. उरलेल्या पिशवीतून घरी गेल्या.

हे एका शाळेपुरतं नाही. यू-डायसची माहिती, सरल पोर्टल, आधार जुळवणी, शिष्यवृत्तीचे अर्ज, आठवीपर्यंतच्या पोषण आहाराच्या नोंदी, सर्वेक्षणं. यातलं बरंचसं काम शाळेत लिपिक नसला की शिक्षकाच्याच माथी येतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला कुठलंही अशैक्षणिक काम देता येणार नाही. अपवाद तीनच आहेत, पण निवडणूक हा एकच वर्षभर पुरतो. यादी दुरुस्ती, नवमतदार, घरोघरी पडताळणी. ‘आम्हाला शिकवू द्या’ अशी घोषणा देत शिक्षक रस्त्यावर उतरले, ते याच कारणानं. 2024 मध्ये राज्य सरकारनं कुठली कामं शैक्षणिक आणि कुठली अशैक्षणिक, याची वर्गवारी काढली. यादी झाली, ही चांगली गोष्ट. त्या कामांसाठी वेगळा माणूस मात्र शाळेत आलेला नाही.

याच कायद्याच्या परिशिष्टात एक ओळ आहे, ती फार कमी लोक वाचतात. शिक्षकाचे कामाचे तास आठवड्याला किमान पंचेचाळीस, आणि त्यात तयारीचे तास धरलेले. कायदा पहिली ते आठवीचा आहे, नववी-दहावी त्याच्या बाहेर. तरी तयारी हेही कामच आहे, असं संसदेनं एकदा लिहून ठेवलंय. आपल्या बोलण्यात मात्र शिकवण्याचे तेवढे तास मोजले जातात आणि मोकळ्या तासाला वही घेऊन बसलेला शिक्षक ‘रिकामा’ दिसतो.

मला काळजी वाटते ती नव्या लोकांची. माध्यमिक शाळेत नव्यानं लागलेला शिक्षणसेवक पहिली तीन वर्षं मानधनावर असतो. 2023 पासून ते महिना अठरा हजार झालं, त्याआधी आठ हजार होतं. शिक्षणसेवक होण्याआधीची कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर, दोन-दोन शाळांत धावपळ करत काढलेले अनेक जण आहेत. तासाला पैसे मिळतात त्यात वह्या तपासण्याचा वेळ धरलेला नसतो. मॅडमसारखं डावं पान लिहायला माणूस एका शाळेत, एका विषयाला काही वर्षं टिकावा लागतो. गेल्या वर्षी ‘पुन्हा करणे’ लिहिलं, तर यंदा करायला तोच माणूस हवा. मॅडम काही वर्षांनी निवृत्त होतील. त्यांच्या जागेवर पूर्ण वेळ शिक्षक येईल की नाही, हे संचमान्यतेत पटाच्या आकड्यावर ठरेल. त्या वह्यांचं काय करणार, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी कपाटाकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘कोणी मागितल्या तर देईन. अजून कोणी मागितल्या नाहीत.’

येत्या जूनमध्ये वेळापत्रक लावायला बसणाऱ्या मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना माझी विनंती आहे. प्रत्येक विषयशिक्षकाचा दिवसाला एक तास ‘वहीतपासणी’ असं नाव घालून छापा आणि त्या तासावर बदलीची चिठ्ठी पाठवू नका. पालकांनीही एवढं करावं. स्वाध्याय किती दिला म्हणून शाळेत विचारायला जाण्याआधी पोराची वही उघडून बघावी, एखाद्या पायरीभोवती गोल आहे का, समासात कोणी प्रश्न लिहिलाय का. दिसला, तर त्या शिक्षकाला भेटून तसं सांगावं. नसेल, तर त्याला दिवसाकाठी किती मोकळे तास मिळतात ते आधी मुख्याध्यापकांना विचारावं.