फॉर्मॅट मारण्याआधी

कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन चालू होतो, ही तक्रार घेऊन येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा निदानही सोबत आणतं : ‘व्हायरस आहे, फॉर्मॅट मारून द्या.’ आमच्या धंद्यात फॉर्मॅटइतकं सोपं काम नाही. पैसे मिळतात आणि डोकं लावावं लागत नाही. शिवाय त्यात जुन्या नोंदीही पुसल्या जातात, म्हणजे पुरावाच जातो.

व्हायरसचा संशय अगदीच हवेतला नाही. ऑगस्ट २००३मध्ये ‘ब्लास्टर’ नावाच्या वर्मने विंडोज एक्सपीवाल्यांना सळो की पळो केलं होतं. पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि मशीन रिस्टार्ट. पण ते निदान सांगून तरी जायचं!

तालुक्याच्या गावातल्या एका डीटीपीवाल्याचं मशीन मात्र न सांगता जात होतं. ऐन लग्नसराई, पत्रिकांची प्रुफं तुंबलेली. आधी कुणीतरी फॉर्मॅट मारलेलं, रॅमही बदललेली. मालक फोनवर म्हणाले, ‘दादा, कोरल उघडलं की जातंय बघा.’ (कोरल म्हणजे पत्रिका जुळवायचं सॉफ्टवेअर.) मी म्हटलं, ‘भाऊ, मशीन हलवू नका, मीच येतो.’ हा आजार दुकानात आणला की पुष्कळदा दिसतच नाही. माझ्याकडची वीज वेगळी, अर्थिंग वेगळं.

विंडोजमध्ये मोठी गडबड झाली की निळा पडदा येतो आणि तो वाचायच्या आत मशीन स्वतःच रिस्टार्ट होतं, कारण ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’वर मुळातच टिक असते. ती काढली. मग विंडोजची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, उघडला. फॉर्मॅटनंतरच्या थोड्याच दिवसांत ‘कर्नल-पॉवर ४१’ची रांग लागलेली. या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. खरी बातमी तिच्या आत, डिटेल्समध्ये असते : बगचेक कोड. तिथं आकडा असेल तर ड्रायव्हर, रॅम, डिस्क यांच्या मागे लागायचं. शून्य असेल तर विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही. बहुधा वीज नाहीतर हार्डवेअर. इथं सगळीकडे शून्य.

कॅबिनेट उघडलं. धूळ होती, ब्लोअर मारला (मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवावं, नाहीतर तो भलत्याच वेगानं फिरतो). प्रोसेसर अति तापला तर मशीन सहसा बंदच पडतं. हे लगेच उठत होतं. कंडेन्सर फुगलेले नव्हते. अडकलेलं रिसेट बटणही हाच उद्योग करतं, म्हणून त्याची पिन काढून ठेवली. मशीनला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या पिवळ्या वायरवर मल्टिमीटर लावला. बारा व्होल्टला पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. इथं व्यवस्थित बारा.

मग मालकांना म्हटलं, ‘आता तुमचं रोजचं काम करा.’ त्यांनी कोरल उघडलं, नावं बदलली, मुहूर्ताची वेळ दुरुस्त केली. मशीन ढिम्म. शेवटी त्यांनी प्रिंट दिली. लेझर प्रिंटर घरघरला, ट्यूबलाइट किंचित मंदावली, टेबलाखालचा यूपीएस टक्कन वाजला आणि पडदा काळा. क्षणात मशीन पुन्हा उठायला लागलं.

टेबलाखाली वाकून पाहिलं, तर मशीन, मॉनिटर आणि प्रिंटर तिन्ही त्या एका ६०० व्हीएच्या यूपीएसवर. लेझर प्रिंटर टोनर कागदावर पक्का करायला हीटर वापरतो आणि तो तापताना एकदम शेकडो वॉट ओढतो. त्यानं विजेचा दाब खाली आला की यूपीएस बॅटरीवर जातो. बॅटरी काढून पाहिली तर तिचे कडेचे भाग फुगलेले. भार घ्यायची वेळ आली की ती मान टाकत होती. एसएमपीएस स्वतःच्या बळावर सेकंदाच्या पन्नासाव्या-साठाव्या भागापुरताच तग धरतो. आणि बायोसमध्ये ‘वीज परत आली की सुरू हो’ असं सेटिंग होतं, म्हणून तो वीज जाण्याचा प्रकार सगळ्यांना रिस्टार्ट वाटला. कोरलचा दोष एवढाच, की प्रिंट द्यायला तेच उघडावं लागतं.

प्रिंटर भिंतीवरच्या वेगळ्या पंधरा अँपियरच्या प्लगवर लावला, यूपीएसला नवी बॅटरी टाकली. त्यानंतर पत्रिकांच्या प्रती एकामागून एक काढल्या, ४१ची नवी नोंद पडली नाही. आधी बदललेली रॅम चांगलीच होती, तिचे पैसे फुकट गेले.

तुमचं मशीन असं करत असेल तर ते कधी जातं आणि त्याच वेळी पंप, फ्रिज, प्रिंटर यांपैकी काय सुरू होतं, ते चार दिवस कागदावर लिहून ठेवा. फॉर्मॅट मारतो म्हणणाऱ्याला आधी ४१च्या आतला कोड दाखवायला सांगा. आणि लेझर प्रिंटर यूपीएसवर असेल तर तो आजच काढा.