विद्यालय कोणाच्या मालकीचे?

अमेरिकेतील नॅशव्हिल शहरात बेल्मॉन्ट नावाचे एक विद्यापीठ आहे. १९५१ साली ते टेनेसी प्रांताच्या बाप्टिस्ट महासभेच्या छत्राखाली आले. बाप्टिस्ट म्हणजे जाणत्या वयात पाण्यात बुडवून बाप्तिस्मा घेणारा ख्रिस्ती पंथ. पुढे पन्नासाहून अधिक वर्षे ह्या विद्यापीठाचे विश्वस्त महासभाच निवडीत असे. २००५ च्या सुमारास विद्यापीठाच्या चालकांनी ठरविले की, येथून पुढे आमचे विश्वस्त आम्हीच निवडू व त्यांत अन्य पंथांच्या ख्रिस्ती लोकांसही जागा देऊ. महासभेने २००६ साली न्यायालयाची पायरी चढून १९५१ चा एक जुना करार पुढे केला. विद्यापीठ आमच्या हातून गेल्यास आमचा पैसा परत मिळाला पाहिजे, असा त्या कराराचा आशय असल्याचे तिचे म्हणणे होते. मागणी सुमारे ५ कोटी ८० लाख डॉलरांची होती. २००७ साली तडजोड झाली, ती अशी की विद्यापीठाने १० लाख डॉलर ताबडतोब द्यावे आणि पुढे दरसाल अडीच लाखांप्रमाणे चाळीस वर्षे देत राहावे. पाळण्यातली मुले पदवीधर होऊन बाहेर पडावीत, तरी भांडणाचा हप्ता फिटू नये, असा हा हिशेब आहे.

मिसूरी प्रांतातील प्रकार याहून लांबला. तेथील बाप्टिस्ट विद्यापीठ व आणखी चार संस्था यांच्या विश्वस्तांनी २००० व २००१ ह्या दोन वर्षांत आपापल्या घटना बदलून महासभेचा विश्वस्त निवडण्याचा हक्क काढून घेतला. महासभेने २००२ साली दावा लावला. पंधराहून अधिक वर्षे तो ह्या ना त्या रूपाने चालला. विंडरमियर नावाच्या विश्रामस्थानाच्या बाबतीत महासभा हरली; विद्यापीठाच्या बाबतीत जिंकली. वादी तोच, तक्रार तीच, आणि निकाल मात्र दोन.

बाप्टिस्टांच्या घरच्या भांडणाशी गिरगावच्या वाचकांचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो चौपाटीवर उभा आहे. विल्सन कॉलेजची ती १८८९ सालची दगडी इमारत आमच्यापैकी पुष्कळांनी रोज पाहिली असेल. परंतु ती ज्या संस्थेसाठी बांधली गेली, त्या संस्थेची मिळकत दोनदा पंथाच्या भांडणात सापडली, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली गिरगावात अंब्रोळी येथे इंग्रजी शाळा काढली. ते स्कॉटलंडच्या चर्चचे मिशनरी. १८४३ साली त्या देशात चर्चचे दोन तुकडे झाले. चर्चच्या धर्माधिकाऱ्यांची नेमणूक जमीनदारांच्या व सरकारच्या मर्जीने व्हावी की उपासकांच्या संमतीने, हा वादाचा मुद्दा होता. संमतीच्या पक्षाचे लोक घरदार व वेतन सोडून बाहेर पडले आणि त्यांनी ‘फ्री चर्च’ स्थापिले. मुंबईतील मिशनरीही त्यांच्याबरोबर बाहेर पडले. डॉ. विल्सन तेव्हा स्वदेशाच्या वाटेवर होते. येथील भार नेस्बिट व मरे मिचेल यांच्यावर होता. विद्यालयासाठी नवी इमारत उभी होत आली होती. पण कायद्याने ती जुन्या चर्चची! ज्यांनी ती उभारण्याची खटपट केली, त्यांनी ती निमूटपणे सोडून दिली आणि दुसरीकडे जागा घेऊन वर्ग भरविले. विद्यालयाची ओळख इमारतीबरोबर राहिली नाही. शिक्षक जिकडे गेले तिकडे ती गेली, आणि तेच विद्यालय पुढे विल्सन कॉलेज झाले.

दुसरा प्रसंग याहून चमत्कारिक आहे. १९०० साली फ्री चर्चने युनायटेड प्रेस्बिटेरियन नावाच्या दुसऱ्या पंथाशी ऐक्य केले. महासभेत ऐक्याच्या बाजूने ६४३ मते पडली, विरुद्ध २७. ह्या सत्तावीसांनी दावा लावला की, आम्हीच खरे फ्री चर्च. ऐक्य करणाऱ्यांनी मूळ मते सोडली, सबब सारी मिळकत आमची. स्कॉटलंडच्या न्यायालयांनी हा दावा फेटाळला. अपील लंडनला लॉर्डांच्या सभेपुढे गेले. सुनावणी झाली आणि निकाल व्हावयाच्या आत लॉर्ड शँड हे न्यायाधीश वारले! सुनावणी पुन्हा करावी लागली, आणि १ ऑगस्ट १९०४ रोजी पाच विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला तो सत्तावीसांच्या बाजूने. विश्वस्त-निधी ज्या मतांसाठी दिला गेला, ती मते धरून बसलेला एक मनुष्य उरला तरी निधी त्याचा. बहुमताने तो वळविता येत नाही, असे त्याचे तात्पर्य होते.

ह्या निकालाचा सरळ अर्थ लावला, तर फ्री चर्चची देशोदेशीची मिशने, मद्रासचे ख्रिश्चन कॉलेज आणि आमच्या चौपाटीवरील विल्सन कॉलेज ही सारी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील मूठभर धर्मोपदेशकांच्या हाती जावयाची होती. ती चालविण्याची ऐपत त्यांच्यापाशी नव्हती, हे सर्वांस दिसत होते. कायद्याच्या दृष्टीने निकाल अचूक असेल. पण त्याने निर्माण केलेली स्थिती इतकी अशक्य होती की, पार्लमेंटला १९०५ साली खास कायदा करून मिळकतीच्या वाटपासाठी आयोग नेमावा लागला. त्याचे अध्यक्ष लॉर्ड एल्गिन होते. मुंबईत १८९६ साली प्लेग शिरला तेव्हाचे जे व्हाइसरॉय, तेच हे गृहस्थ. जो पक्ष जे काम खरोखर चालवू शकेल त्याच्याकडे ते द्यावे, ह्या धोरणाने मिशनांचे काम ऐक्यवाल्यांकडे राहिले आणि विल्सन कॉलेज वाचले. पुढे १९२९ साली १८४३ चे ते दोन तुकडेही, बहुतांशी, पुन्हा एक झाले.

आता आमचे म्हणणे मांडतो. वर सांगितलेल्या सर्व दाव्यांत न्यायालयापुढे दोनच पक्ष उभे राहिले. पैसा देणारा पंथ आणि चावी हाती असलेले विश्वस्त. तिसरा पक्ष, म्हणजे शिकणारी मुले, कोठेच नव्हता. दावा चालू असताना, १९०१ साली, पांडुरंग वामन काणे विल्सनमधून बी. ए. झाले. धर्मशास्त्राचा इतिहास लिहून पुढे भारतरत्न झालेले तेच हे काणे. त्यांच्या मागून बाळ गंगाधर खेर तेथे शिकले, मोरारजी देसाई शिकले. ह्यांपैकी कोणीही स्कॉटलंडच्या पूर्वनियतिवादावर मत देण्यासाठी तेथे नाव घातले नव्हते. तरीही त्यांचे कॉलेज कोणाचे, हे त्या मतावरून ठरत होते.

मुलांच्या बाजूने आमचे लोक न्यायालयात गेलेच नाहीत असे नाही. पण गेले ते वेगळ्या कारणाने. १८३९ साली दोन पारशी तरुणांनी ह्याच शाळेत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा प्रकरण मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेले आणि शाळा ओस पडली. १८४३ साली श्रीपत शेषाद्रि ह्या ब्राह्मण मुलास कोर्टाने पित्याच्या स्वाधीन केले, व त्यास जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी खटपट केली. पालकांस शाळेविषयी बोलण्याचा हक्क मिळाला तो एवढाच, की मूल काढून न्यावे. शाळा कशी चालावी हे सांगण्याचा नव्हे.

येथे पंथांवर अन्याय होऊ देणे आम्हांस मान्य नाही. मिसूरीच्या महासभेची तक्रार अगदीच पोकळ नव्हती. गावोगावच्या देवळांतून गोरगरिबांनी टाकलेल्या नाण्यांवर संस्था उभी राहते. विश्वस्त म्हणून ज्यांस खुर्ची दिली, तेच आतून कडी लावून घेतात आणि आम्ही स्वयंभू आहो असे सांगतात. याला सुधारणा म्हणावयास आम्ही तयार नाही. आपल्या मागून आपणच नेमावयाचे, ही पद्धत अमेरिकेत कदाचित विद्येच्या स्वातंत्र्याकडे जात असेल; आमच्याकडे ती बहुधा घराण्याकडे जाते. आजोबांनी वर्गणीची पेटी घेऊन दारोदार हिंडून काढलेली शाळा नातवाच्या वाटणीत आल्याचे दाखले शोधावयास फार लांब जावे लागत नाही.

बाप्टिस्टांचेच एक जुने उदाहरण मराठी भाषेच्या इतिहासाशी जडलेले आहे. विल्यम केरी हे बाप्टिस्ट. कलकत्त्याजवळील श्रीरामपूर येथून त्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली कोश छापला. तेथेच त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी १८१८ साली कॉलेज स्थापिले. इंग्लंडातील बाप्टिस्ट मंडळीचे म्हणणे असे पडले की, श्रीरामपूरची मिळकत आमच्या नेमलेल्या विश्वस्तांच्या नावे हवी. केरी, मार्शमन प्रभृतींचे उत्तर होते की, ही मिळकत आम्ही आपल्या शाळेच्या, छापखान्याच्या व पगाराच्या कमाईतून उभी केली; ती धर्मकार्याला वाहिली आहे, तुमच्या ताब्याला नव्हे. १८२७ साली दोघे वेगळे झाले, आणि त्याच साली डेन्मार्कच्या राजाने कॉलेजला पदव्या देण्याची सनद दिली, कारण श्रीरामपूर तेव्हा डेन लोकांचे होते. दहा वर्षांनी समेट झाला. १८४५ साली ते शहर इंग्रजांस विकले गेले, तरी तहनाम्यात सनद राखली गेली. १९१८ साली बंगालच्या कायद्याने तिला नवे रूप मिळाले. पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या संस्था आजही त्या विद्यापीठाशी संलग्न आहेत. भांडणारे गेले, पण कॉलेजला स्वतःचा कागद होता म्हणून ते टिकले.

आमच्या राज्यात १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा आहे. त्याच्या ३६ व्या कलमाने धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून न्यासाची स्थावर मिळकत विकता येत नाही. २२ व्या कलमाने विश्वस्त बदलल्याची वर्दी द्यावी लागते. ह्या कायद्याचा जोर २०१३ साली दिसून आला. ब्रदरन हा बाप्टिस्टांप्रमाणेच जाणत्यांस बुडवून बाप्तिस्मा देणारा पंथ असून गुजरातेत व आमच्या डहाणूकडे त्याचे काम होते. १९७० साली तो उत्तर भारताच्या चर्चमध्ये विलीन झाला असे धरून चालले होते. सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, नुसत्या ठरावाने न्यासाची मिळकत दुसऱ्या पंथाकडे जात नाही. कायद्याने सांगितलेल्या वाटेनेच ती गेली पाहिजे. लॉर्डांच्या सभेने १९०४ साली मतांकडे पाहिले. आमच्या न्यायालयाने रीतीकडे पाहिले. आम्हांस दुसरी दृष्टी अधिक शहाणपणाची वाटते. पण तीही शिकणाऱ्याला पक्षकार करीत नाही. बदलाच्या वर्दीवर हरकत आली म्हणजे नोंदवहीत जुनीच नावे राहतात. दोन मंडळे एकाच शाळेवर हक्क सांगतात, आणि मुख्याध्यापकाने कोणाचे पत्र खरे मानावे हे त्यालाही कळेनासे होते.

गिरगावात आर्यन एज्युकेशन सोसायटी आहे, प्रार्थनासमाजाची राम मोहन शाळा आहे. परळला सोशल सर्व्हिस लीग आहे. दादर-लालबागेत लहानमोठ्या अनेक संस्था आहेत. ह्यांपैकी कोणाचे नाव घेऊन दोष देण्याचा आमचा हेतू नाही. सर्वांसच विनंती आहे की, भांडण नसताना, सर्वांची मने शांत असताना, आपापली घटना काढून वाचावी. विश्वस्त कोणी नेमावयाचे, मूळ सभासद संपले तर काय, संस्थेत फूट पडली तर निकाल लागेपर्यंत पगाराच्या व परीक्षेच्या कागदांवर सही कोणाची, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे तीत आहेत काय ते पाहावे. नसल्यास घालावी, आणि पालकांचा व माजी विद्यार्थ्यांचा निवडलेला एक तरी प्रतिनिधी मंडळावर घ्यावा. हिशेब तर कायद्याने तपासावेच लागतात; ते छापून द्यावयास अडचण कोणती? धर्मादाय आयुक्तांनीही शिक्षणसंस्थांच्या बदलाच्या वर्द्या इतर प्रकरणांच्या ढिगातून वेगळ्या काढून आधी निकालात काढाव्या. आणि घटनेची एक मराठी प्रत, वाचता येईल अशा टाइपात, फी भरण्याच्या खिडकीशेजारी टांगावी.