छावणीच्या रस्त्यावर दहा किलोमीटर: आपल्या पोरांनी धावताना काय चुकवू नये

फजरची नमाज झाली की परभणीत स्टेडियमकडे, जिंतूर रोडकडे आणि कृषी विद्यापीठाच्या झाडीतल्या रस्त्यांकडे पोरं धावायला निघतात. कुणाला पोलीस व्हायचंय, कुणाला फौजेत जायचंय. यात आपल्या मोहल्ल्यातली मुलंही आता दिसू लागली आहेत. थोडी आहेत, पण आहेत.

आम्ही शाळेत शिकवतो, खेळाचे कोच नाही. तरी गेल्या हिवाळ्यात आमच्या पाच जुन्या विद्यार्थ्यांना घेऊन मराठवाड्याबाहेरच्या एका लष्करी ठाण्यात झालेल्या धावस्पर्धेला गेलो. त्या सकाळी जे पाहिलं ते घराघरात पोहोचावं म्हणून हा लेख. कारण आपली मुलं मेहनत करतात, पण ती चुकीच्या पद्धतीने करतात, आणि भरतीच्या दिवशी त्याची किंमत मोजतात.

मॅरेथॉन नेमकी किती?

आपल्याकडे कुठलीही रस्त्यावरची शर्यत असली की तिला मॅरेथॉन म्हणतात. खरी मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची. तिच्या निम्मी, म्हणजे 21.0975 किलोमीटरची, ती हाफ मॅरेथॉन. आमची मुलं धावली ती 10 किलोमीटर.

लष्कराच्या अशा धावांमध्ये आता सामान्य नागरिकांनाही भाग घेता येतो. पुण्यात दक्षिण कमांडची विजय रन 16 डिसेंबरच्या विजय दिनाच्या सुमारास होते, मुंबईत नौदलाची हाफ मॅरेथॉन होते. नाव नोंदवा, फी भरा, ओळखपत्र घेऊन जा, एवढंच. तरी आपल्या घरांमध्ये हे ठाऊकच नसतं. आम्ही एका मुलाच्या अब्बांना परवानगी मागायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "सर, छावनी में अपने को अंदर छोडते क्या?" प्रश्न साधा होता, पण त्यात बरंच काही होतं.

गेटच्या आत

सोडलं. गेटवर आधार कार्ड पाहिलं, बॅगा उघडून तपासल्या, आत फोटो काढू नका म्हणून सांगितलं. जे सगळ्यांना तेच आम्हाला. फजरची वेळ होत आली होती. एका जवानाला विचारलं, नमाजला जागा कुठे मिळेल? त्याने मैदानाच्या कडेची स्वच्छ जागा दाखवली, पाण्याचा नळ दाखवला आणि पुढे कामाला निघून गेला. त्याच्यासाठी यात विशेष काही नव्हतं.

पुष्कळ वाचकांना हे माहीत नसेल की लष्करात धर्मशिक्षक हे एक रीतसर पद आहे. पंडित, ग्रंथी, पाद्री यांच्याप्रमाणे मौलवींचीही त्या पदावर भरती होते. अनेक ठाण्यांत सर्व धर्म स्थळ असतं, एकाच छताखाली सगळ्यांची इबादत. मुलाला फौजेत पाठवावं की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा निर्णय. पण तो निर्णय ऐकीव भीतीवर होऊ नये, एवढंच आमचं म्हणणं.

साडेसहा म्हणजे साडेसहा. आपल्याकडचे कार्यक्रम पाहुण्यांची वाट पाहतात, इथे शिट्टी वेळेवर वाजली. रस्ता सरळ, खड्डा नाही, कडेचे दगड चुन्याने रंगवलेले, ठरावीक अंतरावर पाणी, मागून अ‍ॅम्ब्युलन्स. कडेला उभी असलेली फौजींची बायका-मुलं टाळ्या वाजवत होती.

आमच्यातला बारावी झालेला एक मुलगा सगळ्यात तेज. परभणीत त्याला कुणी गाठत नाही. शिट्टी होताच तो बाणासारखा सुटला. पहिला किलोमीटर चार मिनिटांच्या आत. चौथ्यात त्याचा वेग मोडला, सहाव्यात तो कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. आमची त्याची गाठ पडली तेव्हा एवढंच बोलला, "सर, पाव उठिच नै रे."

तेवढ्यात पिकल्या मिशांचे एक निवृत्त सुभेदार साहेब त्याच्या बाजूने आले. साठीच्या पुढचे असावेत. थांबले नाहीत, वेग कमी करून म्हणाले, "बेटा, घड़ी मत देख, सांस देख. मेरे साथ चल." पोरगा त्यांच्या मागे हळूहळू निघाला आणि शेवटपर्यंत पोहोचला. बाकीचे चौघे, जे रोज त्याच्या मागे असतात, ते त्या दिवशी त्याच्या आधी पोहोचले होते.

काय चुकलं?

परतीच्या गाडीत आम्ही त्याच्याबरोबर हिशेब मांडला.

अग्निवीर भरतीत मुलांना 1.6 किलोमीटर धावायचं असतं. साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर पूर्ण 60 गुण, त्यापुढे वेळ वाढेल तसे गुण कमी. राज्यातल्या पोलीस शिपाई भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर असतं. म्हणून आपली पोरं रोज काय करतात? सकाळी उठतात, 1600 मीटर जीव तोडून पळतात, घड्याळ पाहतात, घरी येतात. म्हणजे रोज परीक्षा देतात, अभ्यास कधी करतच नाहीत.

शरीराचा हिशेब असा. आपण हळू धावतो तेव्हा श्वासातून मिळणारा ऑक्सिजन स्नायूंना पुरतो. वेग एका हद्दीपलीकडे गेला की तो पुरत नाही. मग शरीर दुसऱ्या मार्गाने ऊर्जा काढतं, पण तो मार्ग फार वेळ चालत नाही. पाय जड होतात, दम लागतो. ही हद्द वर नेता येते, मात्र ती नेण्याचं मुख्य काम हळू आणि लांब धावण्याने होतं. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात. त्याला आठवडे नाही, महिने लागतात.

आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे पाहा. शेतकऱ्याचा मुलगा. बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनमध्ये ड्युटी केली. मोठा धावपटू होऊन तो फौजेत गेला नाही. फौजेत गेल्यावर, 2015 च्या सुमारास, लष्कराच्या क्रॉस कंट्री स्पर्धांतून त्याचं धावणं खऱ्या अर्थाने सुरू झालं. पुढे 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, 2024 मध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत.

2020 मध्ये दिल्लीत त्याने हाफ मॅरेथॉन 1 तास 30 सेकंदांत पूर्ण केली. या वेगाने 1600 मीटरला साधारण 4 मिनिटं 35 सेकंद लागतात. म्हणजे ज्या अंतरासाठी आपली पोरं साडेपाच मिनिटांत यायला धडपडतात, ते अंतर तो त्याहून वेगाने धावला, आणि तेही लागोपाठ तेरा वेळा. रोज एकदा 1600 मीटर पळून हे होत नाही.

फौजेतून घडलेले असे धावपटू जगभर आहेत. अल्जीरियाचा बुगेरा अल-वाफी पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात होता. 1924 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉनला सातवा आला. चार वर्षं मोटारीच्या कारखान्यात काम करत धावत राहिला आणि 1928 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला सुवर्णपदक घेतलं. तिथेही तो सुरुवातीला पुढे नव्हता, शेवटच्या टप्प्यात पुढे आला.

मग सराव कसा करायचा?

आम्ही आमच्या पाच जणांसाठी बसवलेली घडी सांगतो. आठवड्यातले तीन-चार दिवस हळू धावायचं. हळू म्हणजे किती? शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. अगदी नवीन मुलाने दोन मिनिटं धावायचं, एक मिनिट चालायचं. एक दिवस वेगाचा. 400 मीटरची एक फेरी साधारण 82 सेकंदांत, मग पूर्ण विश्रांती, पुन्हा फेरी. अशा चार-पाच. 82 का? कारण साडेपाच मिनिटांत 1600 मीटर म्हणजे हाच वेग. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी. अंतर वाढवायचं ते थोडं थोडं. दोन किलोमीटरवरून एकदम आठवर गेलं की नडगी दुखायला लागते. ते दुखणं दाबून पळत राहिलं तर हाडाला बारीक चीर पडू शकते, आणि मग सगळी भरती हातची जाते.

दुखतंय म्हणून धावण्याआधी गोळी घेऊ नका. अशा गोळ्यांचा पोटावर आणि किडनीवर ताण येतो, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना जास्तच. "इंजेक्शन घे, दम वाढेल" म्हणणारे लोक भरतीच्या दिवसांत भेटतात. त्यांच्यापासून मुलांना लांब ठेवा. छातीत दुखणं, चक्कर, घरात कुणाचा कमी वयात हृदयविकाराने मृत्यू, असं काही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

आपल्या परभणीचा उन्हाळा वेगळा. मे महिन्यात पारा 42-43 वर जातो. तेव्हा सूर्य वर यायच्या आत धावणं संपलं पाहिजे. धावताना कुणी असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला, अंग तापलं, तर तो उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखान्यात न्या. रमजानमध्ये वेगाचा सराव बंद ठेवा. इफ्तारच्या थोडं आधी हळू चालणं-धावणं, किंवा तरावीहनंतर अर्धा तास, एवढं पुरे. इफ्तार ते सहरी पाणी भरपूर प्या.

अम्मी-अब्बांसाठी

धावणं हा भरतीचा एक भाग झाला. अग्निवीरसाठी आता आधी ऑनलाइन लेखी परीक्षा असते, ती पास झाली तरच मैदान. 2025 पासून ही परीक्षा 13 भाषांत देता येते, त्यात मराठी आहे आणि उर्दूही आहे. उर्दू माध्यमाच्या मुलांनी हे लक्षात ठेवावं. नोकरी चार वर्षांची असते, त्यानंतर 25 टक्क्यांपर्यंत जवानांना कायम केलं जातं, हेही आधी समजून घ्या. नियम बदलत राहतात, म्हणून दरवर्षीची जाहिरात लष्कराच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः वाचा. एजंटला पैसे देऊ नका.

आणि मुली? आमच्या दोन विद्यार्थिनींनी विचारलं, "सर, आम्हाला का नेलं नाही?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. पुण्याच्या खडकवासल्याच्या एनडीएमध्ये 2022 पासून मुलींना प्रवेश आहे, मे 2025 मध्ये 17 मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली. नोकरी राहू द्या, तब्येतीसाठी तरी मुलींनी धावलं पाहिजे. पुढच्या वेळी त्या दोघी आणि त्यांच्यातल्या एकीची अम्मी, तिघी येणार आहेत. अम्मी चालणार आहेत, त्यांनी तसं बजावून सांगितलंय.

तो तेज पोरगा अजून रोज येतो. पहिले पंधरा दिवस त्याला हळू धावायची लाज वाटायची, लहान पोरं पुढे जायची. आता त्याचे अब्बा दुकान उघडायच्या आधी कधीमधी मैदानाच्या कडेला येऊन उभे राहतात. परवा आम्हाला म्हणाले, "सर, पहले तो ये हांपते हुए घर आता था. अब आके नाश्ता मांगता."

भरती अजून व्हायचीय. नाश्ता मागतोय, म्हणजे गाडी रस्त्यावर आहे.