वाळूच्या किनाऱ्यावरची हिरवी भिंत

'साहिल' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. साहिल म्हणजे किनारा. हा शब्द मूळचा अरबी. आफ्रिकेच्या नकाशात 'साहेल' नावाचा एक प्रदेश आहे. त्याचे नावही याच शब्दावरून पडले. परंतु हा किनारा पाण्याचा नाही, वाळूचा आहे! सहारा हे जगातील सर्वांत मोठे उष्ण वाळवंट. त्याच्या दक्षिणेकडील कोरड्या, गवताळ जमिनीच्या लांबच लांब पट्ट्याला साहेल म्हणतात.

साहेलमध्ये वर्षातून तीन-चार महिनेच पाऊस पडतो. त्यावर लोक बाजरी व ज्वारी पिकवतात, गुरे आणि शेळ्या पाळतात. पूर्वी येथील शेतांत व माळांवर पुष्कळ झाडे होती. लोकसंख्या वाढली तशी शेतीसाठी आणि जळणासाठी ती तोडली गेली. त्यातच 1970 च्या सुमारास आणि पुन्हा 1984 साली भीषण दुष्काळ पडले. हजारो माणसे आणि लाखो गुरे मेली. झाडे नसल्यामुळे सुसाट वाऱ्याने वरची सुपीक माती उडून जाऊ लागली. कोवळी पिके वाळूखाली गाडली जाऊ लागली.

वाऱ्याला आणि वाळूला देशांच्या सीमा कळत नाहीत. म्हणून एकट्या देशाने हे संकट दूर होणार नव्हते. 1994 साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने जमिनीचे वाळवंट होणे थांबवण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. 2007 साली आफ्रिकन संघाने एक मोठी योजना हाती घेतली. तिचे नाव 'महान हिरवी भिंत'. पश्चिमेकडील सेनेगलपासून पूर्वेकडील जिबूतीपर्यंत सुमारे 8000 किलोमीटर लांबीचा झाडांचा पट्टा उभा करायचा, अशी ही कल्पना होती. सुरुवातीला त्यात 11 देश सामील झाले. 2030 सालापर्यंत 10 कोटी हेक्टर जमीन पुन्हा हिरवी करायची, असे पुढे ठरले. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. जागतिक बँक आणि अनेक श्रीमंत देशांनी मदत देऊ केली. 2021 साली तर एका परिषदेत 1400 कोटी डॉलरपेक्षा जास्त रकमेची आश्वासने मिळाली.

पण केवळ पैशाने झाड जगते का? रोप लावणे सोपे, ते जगवणे कठीण. हे समजण्यासाठी आपण थोडे मागे, नायजर या देशात जाऊ या.

1980 नंतरच्या काळात टोनी रिनाऊडो नावाचे एक ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ नायजरमध्ये काम करत होते. त्यांनी हजारो रोपे लावली. त्यांतील बहुतेक वाळून गेली. ते निराश झाले. एके दिवशी माळावरचे एक खुरटे झुडूप त्यांनी नीट निरखून पाहिले. ते झुडूप नव्हतेच! ते एका तोडलेल्या झाडाच्या बुंध्याला फुटलेले धुमारे होते. झाड तोडले होते, पण जमिनीखाली त्याची मुळे जिवंत होती. अशी लक्षावधी खोडे शेताशेतांत होती. म्हणजे जंगल नाहीसे झाले नव्हते, ते मातीखाली दडले होते. नवी रोपे लावण्याची गरज नव्हती. बुंध्याचे चार-पाच चांगले धुमारे राखायचे, बाकीचे छाटायचे आणि गुरांपासून त्यांचे रक्षण करायचे, एवढेच काम होते.

तरीही शेतकरी लगेच तयार झाले नाहीत. काहींनी झाडे राखली, पण दुष्काळ सरताच पुष्कळांनी ती पुन्हा तोडली. असे का? एक कारण कायद्यात होते. त्या काळी शेतातील झाडही सरकारच्या मालकीचे मानले जाई. जे आपले नाही, त्याची राखण कोण करणार? पुढे सरकारी अधिकाऱ्यांनी हे नियम सैल केले. झाड आपलेच आहे, असे शेतकऱ्यांना वाटू लागले आणि ते मनापासून झाडे जपू लागले. 2020 साली सरकारने त्यांचा हा हक्क हुकुमाने मान्य केला.

या झाडांत 'गाओ' नावाचे एक काटेरी झाड आहे. ते बाभळीच्या कुळातील आहे. पावसाळ्यात त्याची पाने गळतात, त्यामुळे पिकाला ऊन मिळते. त्याची पाने मातीला खत देतात आणि शेंगा गुरे खातात. अशा झाडांमुळे नायजरमध्ये सुमारे 50 लाख हेक्टर शेतजमीन हिरवी झाली.

शेजारच्या बुर्किना फासो देशात याकुबा सवादोगो नावाच्या शेतकऱ्याने दुसरा मार्ग शोधला. पाऊस येण्यापूर्वी तो कडक जमिनीत लहान लहान खड्डे खणी आणि त्यांत शेणखत घाली. वाळवी त्या खतापाशी येई आणि जमीन पोखरी. मग पावसाचे पाणी वाहून न जाता आत मुरे. खड्डे खणण्याची रीत जुनीच होती. त्याने तिच्यात सुधारणा केली. लोक त्याला वेडा म्हणाले. पण त्याच्या पडीक जमिनीवर धान्य पिकले आणि पुढे जंगल उभे राहिले. 2018 साली रिनाऊडो आणि सवादोगो या दोघांचाही एकाच आंतरराष्ट्रीय पुरस्काराने गौरव झाला. सवादोगो 2023 साली वारला. त्याचे जंगल मागे राहिले.

हिरव्या भिंतीचे काम अजून पुष्कळ बाकी आहे. काही देशांत अशांतता आहे, आणि कबूल केलेला सगळा पैसा वेळेवर पोहोचत नाही. मात्र या अनुभवातून एक गोष्ट आफ्रिकेने जगाला शिकवली. आता ही 'भिंत' म्हणजे झाडांची सरळ रांग राहिलेली नाही. शेते, कुरणे, विहिरी आणि झाडे यांची ती एक गोधडी झाली आहे. दूरचे देश पैसा आणि ज्ञान देऊ शकतात. पण रोज सकाळी उठून झाडाकडे पाहणारा माणूस गावातलाच असावा लागतो, आणि ते झाड त्याचे स्वतःचे असावे लागते.